ओठ मिटा, मुलगा वाचवा

केरेस्तेश
२९ नोव्हेंबर १९४२

चि. विल्मोश,

तुझं पत्र येऊन सहा आठवडे झाले आणि मी आत्ता उत्तराला बसते आहे, म्हणून रुसू नकोस. यंदा बावीस बदकं कापली. पिसांची तीन पोती भरली आहेत. दर गुरुवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात पिसं सोलायला, देठापासून मऊ पीस ओढून काढायला, आठ बायका जमतात. लहानपणी तू टेबलाखाली बसून मुद्दाम शिंकायचास, सगळी पिसं उडायची आणि आईचा मार मात्र मला बसायचा, हे तुला आठवत नसणारच. नियम अजून तेच आहेत. शिंकायचं नाही, दार धाडकन उघडायचं नाही, मोठ्यांदा हसायचं नाही.

पण समोर वाय्दाबाई बसलेली असताना माणसाने हसायचं कसं नाही? नाकातोंडात पिसं जाऊ नयेत म्हणून ती डोक्याचा रुमाल सोडून नाकापर्यंत बांधते, आणि त्या रुमालाआडून अख्ख्या गावाची खबर देते. मागच्या गुरुवारी म्हणे, पाद्रीबाबांची कूक सरपणवाल्याबरोबर पळणार आहे. ती बिचारी त्याच वेळी माझ्या शेजारी बसून पिसं सोलत होती. मग काय, शिंका नाहीत तरी अर्धं पोतं उडालं.

माझ्या गाश्पारचं डॉन नदीवरच्या आघाडीवरून कार्ड आलं. थंडी आहे, जेवण बरं आहे, लोकरी मोजे पाठव. एवढंच. पोराला पहिल्यापासून लिहायचा कंटाळा, त्यात लष्करातलं कुणीतरी आधी वाचतं म्हणून आणखीच. ही सगळी पिसं त्याच्यासाठीच आहेत. दोन रजया, सहा उशा. आला की लग्न लावून देणार, मग त्याने कितीही तोंड वेंगाडलं तरी.

विल्मोश, एक मागते. त्याचे वडील गेल्यापासून मी कुणापुढे पदर पसरलेला नाही, पण तू माझा भाऊ आहेस. तुझ्या त्या सिनेमाच्या खात्यात मोठमोठे अधिकारी येतात म्हणतोस. त्याला रजा मिळेल का, एवढं विचार. पंधरा दिवस पुरे. मला त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं आहे.

सोबत खसखस भरलेली गोड गुंडाळी आणि बदकाची चरबी पाठवली आहे. चरबी ऑफिसात वाटत बसू नकोस.

तुझी,
एतेल्का


बुडापेस्ट
१० डिसेंबर १९४२

एतेल्काताई,

चरबी वाटली नाही, पत्र वाटलं. म्हणजे ऑफिसात मोठ्यांदा वाचून दाखवलं. वाय्दाबाईच्या रुमालावर सगळे लोटपोट झाले. टंकलेखन करणारी मुलगी तर डोळे पुसत होती.

आता खरी बातमी ऐक. आमच्या खात्याने मला आठ मिनिटांचा बोलपट लिहायला दिला आहे. मुख्य चित्रपटाआधी देशातल्या प्रत्येक थिएटरात दाखवायचा. प्रत्येक थिएटरात, ताई! तुझ्या केरेस्तेशच्या त्या कोंदट हॉलमध्येसुद्धा पडद्यावर माझं नाव येईल. विषय दिला आहे, अफवा पसरवू नका. दोन आठवडे डोकं खाजवत होतो. करडा चेहरा करून एक लष्करी माणूस ‘गप्प बसा’ म्हणतो, असे बोलपट आधी चार निघाले. लोक भोपळ्याच्या बिया सोलत बसतात आणि ऐकत नाहीत. लोकांना हसवल्याशिवाय काही गळी उतरत नाही. आणि नेमकं तेव्हाच तुझं पत्र आलं!

मला सगळं सविस्तर कळव. कोण कुठे बसतं, काय खायला देतेस, बातमी एकीकडून दुसरीकडे कशी जाते, कोण काय शब्द वापरतं. तुझ्यासारखी निरीक्षणशक्ती आमच्या अर्ध्या लेखकांकडे नाही.

रजेचं मी विसरलेलो नाही. आमच्याकडे लष्कराचे सल्लागार म्हणून एक कॅप्टन रुदाय येतात. सज्जन माणूस, बुद्धिबळात माझ्याकडून हरतो. त्याच्या कानावर घातलं आहे. काळजी करू नकोस, फौज थंडीसाठी पूर्ण तयार आहे असं त्याने स्वतः सांगितलं.

तुझा,
विल्मोश


केरेस्तेश
२८ डिसेंबर १९४२

चि. विल्मोश,

तुझं पत्र वाचून मी तीन दिवस गावात मान वर करून फिरले. पावाच्या दुकानात सांगितलं, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं, पोस्टात तर दोनदा सांगितलं. आता सगळ्या विचारतात, ‘काय एतेल्काबाई, भाऊ आम्हाला सिनेमात घेणार का?’ वाय्दाबाईने नवा रुमाल काढला आहे.

तू विचारलंस म्हणून लिहिते. लांब टेबलाच्या मधोमध पिसांचा ढीग. दोन्ही बाजूंना आम्ही चार-चार, आणि डोक्याशी मी, कारण घर माझं. उकडलेला मका आणि भाजलेला भोपळा असतो, म्हाताऱ्यांना आलुबुखारची दारू. बातमी नेहमी वाय्दाबाईकडून निघते. पावाच्या दुकानातली पिरोश्का ‘अग्गोबाई!’ म्हणते, तिच्या शेजारची त्यात थोडं मीठ घालते, आणि टेबलाला वळसा घालून माझ्यापर्यंत येते तेव्हा मूळ बाई आपली बातमी ओळखत नाही. आणि माझं विचारशील, तर मी काही सांगायचं झालं की आधी म्हणते, ‘माझ्या पदरचं नाही हं, कानावर आलं ते सांगते.’ पिरोश्का माझी नक्कल करते. हुबेहूब करते मेली.

पण हसण्याबरोबर एक खरं सांगू? गावातले एकशेचाळीस जण डॉनवर आहेत. कार्डांवर काही नसतं. कुणाच्या मुलाचं कार्ड आलं, त्याने कुणाचं नाव लिहिलं, दवाखान्याच्या गाडीतून कोण परतलं, हे कळायची जागा हे टेबल. शेजारच्या आळीतल्या मुलाने ‘गाश्पारने मला तंबाखू दिली’ एवढं लिहिलं होतं, ते मला इथेच कळलं. तंबाखू दिली म्हणजे पाच तारखेला तो धड होता. मी त्यावर दहा दिवस काढले.

रजेचं पुन्हा विचार.

तुझी,
एतेल्का


बुडापेस्ट
१९ जानेवारी १९४३

एतेल्काताई,

घाईत आहे. बोलपटाचं चित्रीकरण सहा दिवसांत उरकलं. मार्चमध्ये दाखवायचा होता, आता वरून फर्मान आलं की फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच सगळीकडे गेला पाहिजे. प्रती काढणारे लोक झोपलेले नाहीत. का एवढी घाई, ते विचारायचं नसतं.

रजेबद्दल रुदाय म्हणाला की सध्या नाव काढू नका. थंडी संपू दे, मिळेल. हे मी तुला खात्रीने सांगतो.

आणि ताई, या महिन्यात लोक वाटेल ते बोलतील. परक्या देशांचे रेडिओ तर बोलतीलच. कशावरही विश्वास ठेवू नकोस. काही असेल तर ते मी तुला आधी कळवेन. पत्रंही जरा जपून लिही.

विल्मोश


केरेस्तेश
९ फेब्रुवारी १९४३

चि. विल्मोश,

जपून काय लिहू? महिना झाला, केरेस्तेशमध्ये एकाही घरात कार्ड आलेलं नाही. एकशेचाळीस घरं, एक कार्ड नाही. पोस्टमन आमच्या आळीत यायचं टाळतो. दिसला की बायका नुसत्या बघतात, आणि त्याला ते सोसत नाही. वर्तमानपत्रात येतं की आपल्या फौजा ठरल्याप्रमाणे मागच्या रेषेवर सरकल्या. ठरल्याप्रमाणे सरकल्या, तर मग दोन ओळी लिहायला काय झालं?

पण आज मला जेवण गेलं. रविवारी प्रार्थनेनंतर वाय्दाबाईने मला बाजूला ओढलं. तिचा जावई अंब्रुश परत आला आहे. पायांची बोटं थंडीने गेली, म्हणून त्याला घरी पाठवलं. विल्मोश, तो गाश्पारच्याच तुकडीत होता! म्हणाली, ‘अंब्रुशला तुला काही सांगायचं आहे. तुझ्यासाठी काही वस्तूही आणली आहे म्हणतो. मला सांगत नाही. एतेल्काबाईंनाच सांगीन म्हणतो.’ मी तिथूनच त्यांच्या घरी निघाले होते, पण त्याला ताप होता. मग ठरलं, गुरुवारी सगळ्या पिसांना येतील तेव्हा त्याला बर्फावरच्या घसरगाडीवर बसवून आणायचं. चारचौघींत बसलेला असला म्हणजे कुणी विचारणार नाही की हा इथे कशाला आला.

गुरुवार परवा. मी सकाळपासून तीच तीच पातेली घासते आहे. वस्तू आणली म्हणजे पत्र असेल ना? कार्डावर लिहिता येत नाही म्हणून त्याच्या हाती पत्र दिलं असेल. मोज्यांचं माप तरी कळवलं असेल.

आणि मधल्या बुधवारी, म्हणजे उद्या, थिएटरात तुझा बोलपट आहे! सगळं कसं एकाच आठवड्यात आलं. थिएटरवाल्याने मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे.

तुझी,
एतेल्का


बुडापेस्ट
१३ फेब्रुवारी १९४३

एतेल्काताई,

तुझं नऊ तारखेचं पत्र काल मिळालं आणि वाचून राहवलं नाही. म्हटलं, तोंडी विचारून हा रुदाय मला नुसतं टोलवतो आहे. आईची तगमग त्याने स्वतः वाचली पाहिजे. तुझं पत्रच नेऊन त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने शांतपणे वाचलं, दोनदा वाचलं. मग वही काढून नावं टिपून घेतली, गावाचं नावही विचारून घेतलं. चौकशी करतो म्हणाला. आजवर त्याने एवढं लक्ष कधी घातलं नव्हतं. बघ, आता काहीतरी हलेल.

बोलपट पाहिलास का? कसा वाटला? इथे पहिल्या खेळाला लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मंत्र्यांच्या माणसाने माझा हात हातात घेतला. घोषवाक्य माझंच आहे, तेही त्यांना फार आवडलं.

घाईने कळव.

विल्मोश


केरेस्तेश
१४ फेब्रुवारी १९४३

विल्मोश,

पाहिला.

हॉल भरला होता. तुझं नाव आलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी मागे वळून हसले. मग पडद्यावर माझं स्वयंपाकघर आलं. लांब टेबल, पिसांचा ढीग, नाकापर्यंत रुमाल बांधलेली बाई. हॉलमध्ये एकच हशा झाला. ‘अगं वाय्दाबाई, तूच की गं!’ वाय्दाबाईही हसली. मग टेबलाच्या डोक्याशी बसलेली एक जाडी बाई म्हणाली, ‘माझ्या पदरचं नाही हं, कानावर आलं ते सांगते.’ पिरोश्का माझ्या मागेच होती. ती हसली नाही.

ती जाडी बाई सांगते की माझा मुलगा अमक्या पुलापाशी आहे. खिडकीबाहेर सुया विकणाऱ्याच्या वेशातला हेर कान देऊन ऐकतो. पूल उडतो. शेवटी तिच्याच दारात तार येते, तिचाच मुलगा मेलेला असतो, आणि ती पिसांत बसून रडते. पिसं सगळ्या पडद्याभर. मग मोठी अक्षरं: ओठ मिटा, मुलगा वाचवा. आणि खाली, अफवा पसरवणाऱ्याला दोन वर्षं तुरुंग.

विल्मोश, त्या बाईचा मुलगा कशाला मारलास? पूल उडाला, गाडी उडाली, एवढ्यावर भागलं नसतं का? मला एक महिना कार्ड नाही हे तुला माहीत होतं.

दिवे लागले तेव्हा कुणी माझ्याकडे बघेना. एकटा फौजदार बघत होता. टोपीत कोंबड्याच्या पिसांचा तुरा खोचलेला तो नवा, गालफडं हलवत बिया खात होता. ‘काय एतेल्काबाई,’ म्हणाला, ‘तुमच्याकडे बरीच ये-जा दिसते.’

गुरुवारी मी नऊ जागा मांडल्या. एक अंब्रुशसाठी, शेगडीजवळ. मका उकडला. तीन वाजले, चार वाजले. कुणीही आलं नाही. एकसुद्धा नाही. शेवटी मी स्वतः वाय्दाबाईकडे गेले. तिने दार उघडलं नाही, आतूनच बोलली.

‘अंब्रुशला बरं नाही.’

‘मी दोन मिनिटं बसते त्याच्या उशाशी.’

‘त्याला काही आठवत नाही. त्याने कुणाला पाहिलं नाही.’

‘अगं, पण तूच म्हणालीस ना, वस्तू आणली आहे म्हणून?’

‘मी काही म्हणाले नाही! मी कधी काय म्हणाले? जा घरी, एतेल्काबाई. जा आणि भावाला लिहा. लिहिताच ना सगळं? आमचा रुमाल लिहिलात, आमचा मका लिहिलात. उद्या आमचा जावई लिहाल.’

तशीच माघारी फिरले. मी नऊ तारखेलाच त्याचं नाव तुला लिहून बसले होते.

आता एकच कर. वाय्दाबाईच्या नावाने पत्र लिही. तुझ्या खात्याचा शिक्का मारून लिही की सिनेमा म्हणजे सिनेमा, एका आईला तिच्या मुलाची खबर सांगणं ही अफवा नव्हे, त्याला कुणी धरणार नाही. एवढं लिही. तो दोन गल्ल्या पलीकडे झोपला आहे, विल्मोश. माझ्या गाश्पारचं काय झालं हे ज्याला माहीत आहे तो माणूस दोन गल्ल्या पलीकडे आहे, आणि मी आपली पिसं सोलते आहे.

एतेल्का


बुडापेस्ट
२२ फेब्रुवारी १९४३

एतेल्काताई,

तुझ्या पत्राने मला वाईट वाटलं. थोडा रागही आला. मी गावाचं नाव घातलेलं नाही, तुझं नाव घातलेलं नाही. देशात हजार गावांत बायका पिसं सोलतात. तुमच्या लोकांनी टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली, त्याला मी काय करणार? मुलगा मरतो तो शेवट माझा नव्हता. वरून सुचवला गेला. म्हणजे मी लिहिला, पण सुचवला गेला.

शिक्का मारून पत्र मी लिहू शकत नाही. ते तुला कळायला हवं. आणि त्याची आता गरजही नाही, कारण मी तुला त्या अंब्रुशपेक्षा खात्रीची बातमी देतो. गाश्पारची तुकडी मागच्या फळीत विश्रांती घेते आहे. तो सुखरूप आहे. हे वरून कळलेलं आहे. बोटं गेलेल्या, तापात बरळणाऱ्या माणसाच्या दारात जाऊ नकोस. त्याचंही भलं होणार नाही, तुझंही नाही.

पिसं सोलायला मोलाच्या बायका लाव.

विल्मोश


केरेस्तेश
३ मार्च १९४३

विल्मोश,

तुझं तेरा तारखेचं पत्र आणि बावीस तारखेचं पत्र मी टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली आहेत.

सत्तावीस तारखेला सकाळी फौजदार आणि बाहेरून आलेले दोघे वाय्दाबाईच्या घरी गेले. अंब्रुशला उचलून नेलं. चालता येत नाही म्हणून पावाच्या दुकानाची हातगाडी घेतली. पिरोश्काला ती द्यावी लागली. घराची झडती झाली. त्याच्या गादीखाली एक छोटी वस्तू कागदात गुंडाळलेली सापडली, ती त्यांनी नेली. ती माझी होती. माझ्यासाठी आणलेली होती. काय होती ते मला कुणी सांगत नाही.

त्यांच्यापैकी एकाने वाय्दाबाईच्या मुलीला विचारलं, गुरुवारी घसरगाडीवरून कुठे नेणार होतात? घसरगाडीचं चार माणसांना माहीत होतं. मला, वाय्दाबाईला, अंब्रुशला. आणि चौथा तू.

कॅप्टनने वहीत नावं टिपून घेतली, असं तू किती आनंदाने लिहिलं आहेस. नावं. एक गाश्पार. दुसरं कोणतं, ते तेव्हा मला सुचलं नाही आणि तुलाही सुचलं नाही. लिहून पोट भरणारा माणूस ना तू?

वाय्दाबाईची मुलगी काल माझ्या दारापुढे उभी राहिली. नववा महिना चालू आहे तिला. शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. नुसती उभी राहिली आणि थुंकून गेली. मी ते पुसलं नाही. गावात आता मी दुकानात शिरले की बोलणं थांबतं. पिरोश्का पाव देते आणि माझ्या हाताला हात लागू देत नाही. पिसांची पोती मी माळ्यावर टाकली आहेत.

गाश्पार मागच्या फळीत सुखरूप आहे हे ‘वरून’ म्हणजे कुणाकडून कळलं, ते सांग. नाव सांग. इथली नावं तर तू सहज दिलीस.

एतेल्का


बुडापेस्ट
३० मार्च १९४३

ताई,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. फिल्मचे डबे घेऊन तुमच्या जिल्ह्यात जाणारा एक माणूस ते तुझ्या हातात देईल. वाचून जाळ.

कुणाकडूनही कळलं नव्हतं. मी रुदायला विचारलं होतं, ‘वाईट बातमी नाही ना?’ तो म्हणाला, ‘माझ्यापर्यंत आलेली नाही.’ त्यावरून मी ते वाक्य तयार केलं. मला ती सवयच आहे. आणि तुझं पत्र त्याच्यापुढे ठेवताना मला वाटलं, मी तुझ्यासाठी काहीतरी करतो आहे. अंब्रुशचं नाव त्यात आहे हे मला दिसलं होतं. त्याचं काय होईल हे मनात आलं नाही. दोन महिने तोच विषय लिहीत होतो, तरी आलं नाही.

तुझं शेवटचं पत्र वाचल्यावर मी अंब्रुशला शोधत हिंडलो. लष्करी तुरुंगाच्या इस्पितळात सापडला. माझ्या ओळखपत्राने दार उघडलं, तेवढा त्या ओळखपत्राचा उपयोग झाला. त्याचा एक पाय घोट्यापासून काढला आहे. दोन वर्षांची शिक्षा झाली आहे. मी कोण ते सांगितल्यावर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तसाच बोलला.

ताई, गाश्पार गेला.

बारा जानेवारीला आघाडी फुटली. ते पळाले नाहीत, चालले. मागे कुणी नव्हतं, गाड्या नव्हत्या, खायला नव्हतं. सतराला गाश्पारच्या मांडीत गोळी लागली. अंब्रुश आणि आणखी एकाने त्याला पत्र्याच्या तुकड्यावर बसवून दोरीने दोन दिवस ओढलं. तो थंडीला शिव्या देत होता, अंब्रुशला म्हणत होता, ‘माझ्या आईला सांग, पाय दुखत नाही.’ एकोणिसाच्या पहाटे बोलायचा थांबला. एका विहिरीशेजारी त्यांनी त्याला बर्फात ठेवलं. गावाचं नाव अंब्रुशला माहीत नाही. त्याच्या गळ्यातला ओळखीचा बिल्ला काढून आणला होता. तुझी वस्तू ती. आता ती खटल्याच्या कागदांना जोडलेली आहे. मी मागितली, मिळाली नाही.

मी त्याला म्हटलं, दोन ओळी तुझ्या हाताने लिहून दे, ताईला खात्री पटेल. तो माझ्याकडे वळला. म्हणाला, ‘पुन्हा लेखी?’

ज्या दिवशी मी तुला लिहिलं की थंडी संपली की रजा मिळेल, त्याच पहाटे तो गेला होता. मला माफ कर असं लिहायला मला तोंड नाही. पण हे खरं आहे. एवढं तरी माझ्याकडून खरं घे.

विल्मोश


केरेस्तेश
८ एप्रिल १९४३

विल्मोश,

तुझा डबेवाला येऊन गेला. पत्र वाचलं, जाळलं. त्याआधी सात वेळा वाचलं.

तू चांगलं लिहितोस. पत्र्याचा तुकडा, दोरी, ‘आईला सांग, पाय दुखत नाही’. गाश्पार अगदी तसंच बोलला असता. त्या सिनेमातली बाईही अगदी मीच होते. तसंच टेबल, तशीच बसायची पद्धत, माझेच शब्द. आणि तिचा मुलगा शेवटी मेला होता. तुला तो शेवट येतो.

मी अंब्रुशच्या तोंडून ऐकणार होते. तो शेगडीजवळ बसणार होता आणि मी त्याच्या डोळ्यांकडे बघणार होते. जे असेल ते मी घेतलं असतं, विल्मोश. मेला म्हणाला असता तर मी तिथेच, त्या बायकांमध्ये, छाती बडवून रडले असते आणि त्यांनी मला धरलं असतं. आता कुणाच्या तोंडचं घेऊ? अंब्रुश तुरुंगात. वाय्दाबाई दार लावते. बिल्ला कागदांना जोडलेला, म्हणजे तो आहे हेही तूच सांगतोस. माझ्यापाशी फक्त तू उरलास.

आणि तुझं मला पाठ आहे. फौज थंडीसाठी तयार आहे, लिहिलंस, नव्हती. रजा खात्रीने मिळेल म्हणालास. काही असेल तर आधी मी कळवेन म्हणालास. तो मागच्या फळीत सुखरूप आहे असं लिहिलंस, तेव्हा मी चार दिवस अन्नाला शिवले नाही. तू सुखरूप म्हणतोस म्हणजे माझा मुलगा नक्की संकटात आहे, हे मला त्याच क्षणी कळलं.

आता तू लिहितोस, तो गेला.

परवापासून मी जेवते आहे. ईस्टरसाठी भिंतींना चुना लावायला घेतला. आधी त्याची खोली केली, मग बाकीच्या. काल पिरोश्का कुंपणापाशी थांबली आणि बऱ्याच दिवसांनी बोलली. म्हणाली, ‘एतेल्काबाई, कसला एवढा चुना?’ मी सांगितलं, गाश्पार येतो आहे. तिने तोंडावर हात ठेवला आणि निघून गेली.

आता तुझ्याकडे एवढंच मागते, मला पुन्हा पत्र लिहू नकोस. एकही नाही. माझी कीव येऊन एखाद्या दिवशी तू लिहून बसशील की तो जिवंत आहे.

एतेल्का